छातीवरचा नंबर आणि माझी वही

शिबिराच्या पहिल्या दिवशी मी शिट्टी गळ्यात घालते, पण वाजवत नाही. मे महिन्यातलं नागपूर. पावणेसहाला कोर्टावर यायचं आणि साडेआठच्या आत सुटायचं, कारण त्यानंतर सिमेंट बुटातूनही भाजायला लागतं. यंदा बेचाळीस मुलंमुली होती, वय अकरा ते सोळा. कापडाच्या चौकोनावर मार्करने लिहिलेला नंबर प्रत्येकाच्या छातीला आणि पाठीला सेफ्टीपिनांनी लावला, तिघातिघांच्या टोळ्या केल्या, अर्ध्या कोर्टावर एकेक बॉल सोडला आणि म्हटलं, खेळा. पहिल्या दिवशी कुणाला नियम सांगायचे नाहीत, कुणाची चूक काढायची नाही. मी स्टूल टाकून वही उघडते. समोर कडुनिंबाच्या सावलीत आईवडील बसलेले असतात आणि त्यांचे डोळे मुलांवर कमी, माझ्या पेनावर जास्त असतात.

नंबर लावण्याचं कारण साधं आहे. नावाबरोबर आडनाव येतं, आडनावाबरोबर शाळा येते, आणि शाळेबरोबर आदल्या रात्रीचा फोन येतो, ‘मॅडम, आपला मुलगा येतोय, जरा लक्ष असू द्या.’ ‘सतरा नंबर’ला काका नसतात, मागच्या वर्षीची बक्षिसं नसतात. चार दिवस मी कुणाचंही नाव विचारत नाही. पाचव्या दिवशी विचारते, आणि तोवर वहीत जे लिहून झालेलं असतं ते बदलत नाही.

त्या वहीचा एकच नियम आहे. तिच्यात मुलाबद्दल विशेषण लिहायचं नाही. आळशी, चपळ, भित्रा, हुशार, कमकुवत, जबरदस्त यांतला एकही शब्द नाही. मुलानं काय केलं ते लिहायचं. वाक्यात क्रियापद हवं, आणि शक्य असेल तिथे आकडा.

हा नियम मी तेरा वर्षांची असताना सुरू झाला, असं म्हणायला हवं, जरी तो सुचायला मला पुढची वीस वर्षं लागली. एका निवड चाचणीत पाणी प्यायला बाकाजवळ गेले तर तिथे रजिस्टर उघडं पडलं होतं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘उंच. पण सुस्त.’ मी संघात आले नाही, त्याचं वाईट वाटलंच. पण तो शब्द त्याहून जास्त दिवस माझ्याबरोबर राहिला. मी घरी येऊन आरशात बघितलं. सुस्त म्हणजे काय करते मी? जास्त झोपते? हळू जेवते? शब्दात करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी काहीच केलं नाही, फक्त स्वतःला सुस्त समजत राहिले. पुढे खेळत राहिले, रेल्वेच्या संघापर्यंत गेले, आणि तिथे एका ज्येष्ठ खेळाडूने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, ‘तू डिफेन्सला गुडघे सरळ ठेवून उभी राहतेस. समोरची निघाल्यावर तू आधी खाली वाकतेस आणि मग पाय उचलतेस. त्यात एक पाऊल जातं.’ त्या दिवसापासून मी वाकून उभी राहायला लागले. महिन्याभरात फरक पडला. त्या रजिस्टरमध्ये ‘सुस्त’च्या जागी ‘गुडघे न वाकवता उभी राहते’ एवढं लिहिलं असतं, आणि कुणीतरी ते मला वाचून दाखवलं असतं, तर माझी सात वर्षं वाचली असती.

आता बघायचं काय, ते सांगते.

बास्केटबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे ४० मिनिटांचा. कोर्टावर दहा खेळाडू आणि बॉल एक. सरळ भागाकार केला तर एका खेळाडूच्या वाट्याला बॉल सरासरी ४ मिनिटं येतो. उरलेली ३६ मिनिटं त्याच्या हातात काहीच नसतं. पण बघणाऱ्याची नजर बॉलमागे फिरते, कारण बॉल केशरी आहे, उसळतो आणि आवाज करतो. त्यामुळे बहुतेक शिबिरांत मुलांचं मोजमाप त्या ४ मिनिटांवर होतं. ड्रिबल कसा करतो, बास्केट किती टाकतो, पाठीमागून पास देतो का. मी पहिल्या दिवशी वीस मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही असं ठरवून बसते. सुरुवातीला हे फार जड जातं. मान आपोआप वळते.

बॉल सोडून बघितलं की वेगळीच मुलं दिसायला लागतात. यंदा बावीस नंबरची एक मुलगी होती. वीस मिनिटांत तिच्या हातात बॉल चारदा आला असेल, आणि चारही वेळा तिने तो लगेच पुढे दिला. कडुनिंबाखाली तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. माझ्या वहीत मात्र तिच्या नावाचं, म्हणजे नंबराचं, अर्धं पान भरलं: जोडीदाराने पास दिल्यावर थांबत नाही, रिंगकडे कापून जाते. मागे कुणी आलं तर ओरडून सांगते, ‘डावीकडून स्क्रीन!’ जोडीदाराचा शॉट चुकला तर बॉल कुठे पडेल तिकडे आधी सरकते. शेवटची गोष्ट शिकवायला मला एरवी दोन मोसम लागतात.

आणखी एक क्षण मी शोधत असते: बॉल हातून गेल्यानंतरची पहिली दोन सेकंदं. पास चुकला, समोरच्याने हिसकावला, आता हा मुलगा काय करतो? काही जण तिथेच उभे राहून हात पसरतात, म्हणजे ‘तू का नाही पकडलास?’ काही जण माझ्याकडे बघतात. बरेच जण कडुनिंबाकडे बघतात. आणि थोडे मागे वळून पळतात. पहिल्या दिवशी कोण कुठे बघतं, ते मी खुणेनं लिहिते. कडुनिंबासाठी एक छोटं पान काढते. ही सवय बदलता येते, पण त्यासाठी आधी मुलाला नव्हे, सावलीतल्या माणसाला बाजूला घेऊन बोलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी टेप, खडू आणि घड्याळ. उंची, हात वर करून उभी पोच, बोटाला खडू लावून भिंतीवर उडी. आणि एक मोजमाप जे बघून पालक चकित होतात: मुलाला स्टुलावर ताठ बसवून बसलेली उंची. बाजूला जन्मतारीख, आणि तीही महिन्यासकट. माझ्या मते अख्ख्या वहीत सगळ्यात जास्त चुका टाळणारा रकाना हाच आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

मुलांची उंची एका लयीत वाढत नाही. शाळकरी वयात वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढणारं मूल एकदम उसळी घेतं. मुलींमध्ये ही उसळी सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास येते, मुलांमध्ये चौदाव्या. पण ही सरासरी झाली. कुणाची अकराव्या वर्षी येते, कुणाची सोळाव्या. म्हणजे एकाच तुकडीत, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या शरीरांत तीन-चार वर्षांचंही अंतर असू शकतं. या उसळीत पाय आधी लांबतात आणि धड मागून येतं. बसलेली उंची आणि पायांची लांबी यांचं प्रमाण बघून हा मुलगा उसळीच्या अलीकडे आहे की पलीकडे, याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, पण नुसत्या डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरा.

त्यात पुन्हा वयोगट जन्मवर्षावरून ठरतात. १ जानेवारी ही रेघ. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी अकरा महिने ही फार मोठी रक्कम असते. रॉजर बार्न्स्ली या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून दाखवलं की वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आहे. जानेवारीच्या थंडीत गुणवत्ता जास्त पिकते असं काही नाही. मोठा दिसतो म्हणून निवडला जातो, निवडला म्हणून चांगला प्रशिक्षक मिळतो, प्रशिक्षक मिळाला म्हणून खरोखरच चांगला होतो, आणि निवडणाऱ्याला वाटतं, माझी नजर बरोबर होती.

यंदाचा नऊ नंबर. वय तेरा, उंची १७६, ओठावर काळी रेघ. रिंगखाली उभा राहून हात वर केला की बाकीच्यांनी बघत राहायचं. तिघांच्या खेळात त्याने सगळ्यांत जास्त बास्केट टाकल्या आणि कडुनिंबाखाली त्याचे वडील सगळ्यांत ताठ बसले होते. आणि एकतीस नंबर. वय तेच, वर्ग तोच, जन्म नोव्हेंबरचा, उंची १४८. त्याचे तीन शॉट नऊ नंबरने अडवले. चौथ्या वेळी एकतीस नंबरने शॉट घेतलाच नाही. वर बघितलं, नऊ नंबर उडाला, आणि त्याने बॉल त्याच्या काखेखालून जोडीदाराला दिला.

वहीत मी दोघांपुढेही दोन रकाने करते: शरीराकडून उसनं मिळालेलं आणि सरावानं कमावलेलं. नऊ नंबरच्या उसन्या रकान्यात पाच ओळी होत्या, कमावलेल्यात एक. एकतीसच्या उसन्या रकान्यात काहीच नव्हतं. उसनं म्हणजे खोटं, असं मी म्हणत नाही. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर आहे आणि राहणार, आणि उंची हे या खेळातलं खरं भांडवल आहे. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा सात फुटांच्या वर गेला नसता तर २०१५ साली डलासच्या संघाने त्याला निवडलं नसतं. अमेरिकेच्या एनबीएच्या निवडीत नाव पुकारलं गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. पण तेराव्या वर्षीची १७६ ही आज कुणालाही माहीत नसलेल्या बेरजेतला एक आकडा आहे. नऊ नंबरची वाढ कदाचित होत आलेली असेल. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या खांद्याला येतील, अठराव्या वर्षी पुढेही जातील. आणि तोवर त्याला रिंगखाली उभं करून सामने जिंकण्यात आम्ही प्रशिक्षकांनी धन्यता मानली असेल, तर त्याला ड्रिबल येत नसेल, बाहेरून शॉट येत नसेल, समोरच्याच्या पायांबरोबर पाय हलवता येत नसतील. अशी मुलं मी बघितली आहेत. त्यांच्या बलस्थानानेच त्यांना खाल्लं.

मायकेल जॉर्डनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण अर्धी. शाळेच्या संघातून त्याला काढून टाकलं, असं भाषणांत सांगतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये १९७८ साली घडलं ते असं: पंधरा वर्षांच्या जॉर्डनची उंची होती ५ फूट १० इंच, मोठ्या संघाला उंच माणूस हवा होता, म्हणून त्याच्याच वर्गातल्या ६ फूट ७ इंचांच्या लेरॉय स्मिथला घेतलं. जॉर्डनला धाकट्या संघात ठेवलं, आणि तिथे तो वर्षभर भरपूर खेळला. त्या प्रशिक्षकांना लोक मूर्ख ठरवतात. मला नाही तसं वाटत. त्यांनी पोराला खेळ चालू राहील अशा जागी ठेवलं. आपल्याकडे बारा जणांचा संघ जाहीर होतो आणि तेराव्याला उद्यापासून कुठे यायचं, हेच सांगितलं जात नाही. माझा राग निवडीवर नाही, या गप्प बसण्यावर आहे.

नऊ नंबरला मी यंदा पंचवीस दिवस रिंगपासून लांब ठेवलं. मोठ्या मुलांच्या टोळीत टाकलं, जिथे तो सगळ्यांत बुटका होता. तिसऱ्या दिवशी वडील विचारायला आले, ‘मॅडम, पोराचा खेळ बिघडवून राहिले का तुम्ही?’ मी त्यांना दोन्ही रकाने दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, आणि काही न बोलता परत सावलीत जाऊन बसले. पोरगा मात्र रोज आला.

बाकी मोजमापांबद्दल थोडक्यात. दोन्ही हातांनी लेअप, झिगझॅग ड्रिबल, बाजूला सरकत डिफेन्स, आणि रिंगखाली एकदा उजवीकडून एकदा डावीकडून न थांबता बास्केट टाकत राहायचा तो जुना सराव, जो जॉर्ज मायकन या उंच आणि सुरुवातीला अवघडलेल्या खेळाडूकडून त्याच्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने करून घेतला आणि आज त्याच्याच नावाने चालतो. या सगळ्यांत एक गोष्ट मला आपल्या मुलांत हमखास दिसते: डावा हात. डाव्या हाताने जेवू नको, देऊ नको, घेऊ नको, देवाला फूल वाहू नको, हे ऐकत वाढलेली मुलं कोर्टावर येतात आणि मी सांगते, आता डाव्या हाताने टाक. हात शरीराला चिकटून बसलेला असतो. त्यात कुणाचा दोष नाही. मी वहीत ‘डावा हात कमजोर’ असं लिहीत नाही. लिहिते, ‘डावीकडून जातानाही उजव्या हाताने टाकतो, १० पैकी १० वेळा.’ आणि मुलांना सांगते, घरी दात डाव्या हाताने घासा, दाराची कडी डाव्या हाताने काढा. जेवण उजव्याच हाताने, नाहीतर आजी मला बोलायला येतील.

फ्री थ्रोचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे मी स्वतः बरीच वर्षं चुकत होते. बोर्डापासून ४.६० मीटरवर रेघ, समोर कुणी नाही, हवा तसा श्वास घ्या आणि टाका. मोजायला इतकं सोपं, की प्रत्येक शिबिरात दुसऱ्या दिवशी दहा-दहा फ्री थ्रो होतात आणि यादी लागते. सात-आठ टाकणारा ‘शूटर’, तीन टाकणारा ‘हात नाही त्याला’. एका वर्षी मी गंमत म्हणून मुलांना नाणं उडवायला सांगितलं. चाळीस मुलं, प्रत्येकी दहा वेळा, छापा म्हणजे बास्केट. हिशेब मांडला तर दहांपैकी सात किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के. चाळीस मुलांत साधारण सात जण. तितक्याच जणांना तीन किंवा त्याहून कमी. म्हणजे सगळ्यांचा हात अगदी सारखा असला, तरी दहा शॉटच्या यादीत सात ‘शूटर’ आणि सात ‘हात नसलेले’ निघणारच. आणि आम्ही त्या यादीवरून पोरांच्या जागा ठरवत होतो! आता मी रोज दहा, दहा दिवस, असे शंभर घेते; त्यातले अर्धे दमल्यावर, पळण्याच्या फेऱ्या झाल्या झाल्या, कारण सामन्यात फाऊल मिळतो तेव्हा कुणी विसावलेलं नसतं. शिवाय आकड्यापेक्षा मी चूक कुठे जाते ते लिहिते. सगळे शॉट आखूड पडत असतील तर पाय वापरत नाही. कधी डावीकडे कधी उजवीकडे जात असतील तर कोपर बाहेर जातंय.

आखूडवरून आठवलं. तीन वर्षांपूर्वी एक मुलगी होती, चौदा नंबर. तिचा एकही शॉट रिंगपर्यंत पोचायचा नाही. माझा मदतनीस, मनाचा चांगला मुलगा, त्याने त्याच्या कागदावर लिहिलं, ‘हातात ताकद नाही.’ ती तालुक्याच्या गावाहून यायची, शाळेत एकच बॉल होता आणि तो ७ नंबरचा, पुरुषांचा, सुमारे ६०० ग्रॅमचा. मुलींनी ६ नंबरने खेळायचं असतं. तो घेराने लहान आणि साठ-सत्तर ग्रॅमने हलका. तिने तो कधी हातात घेतलेलाच नव्हता. जड बॉल वर पोचवण्यासाठी तिने छातीवरून, दोन्ही हातांनी, पूर्ण अंग मागे नेऊन ढकलायची स्वतःची एक पद्धत शोधून काढली होती. तिला ६ नंबर दिला. म्हणाली, ‘ताई, हा तर लहान मुलांचा हाय.’ पद्धत मोडायला अख्खं शिबिर गेलं, पण बॉल पहिल्याच दिवशी रिंगवरून पलीकडे गेला. अकरा वर्षांखालच्या पोरांनाही आम्ही पूर्ण उंचीच्या रिंगवर टाकायला लावतो, आणि मग त्यांच्या शॉटला नावं ठेवतो. मिनी बास्केटबॉलसाठी २.६० मीटरची रिंग आणि ५ नंबरचा बॉल मुळात याचसाठी आहे.

आता ज्या पानाची मला लाज वाटते ते. नियम करूनही मी तो एकदा मोडला. एक मुलगा, अकरा नंबर, वय साडेतेरा. पहिले चार दिवस झपाटून खेळला. पाचव्या दिवसापासून रिबाउंडला उडेना. पळण्याच्या फेऱ्यांत शेवटचा. बाहेर बसायची कारणं शोधायचा, बुटाची लेस सारखी सोडून बांधायचा. वहीत मी लिहिलं, ‘टाळाटाळ करतो.’ तांत्रिकदृष्ट्या त्यात क्रियापद होतं, म्हणून मला ते खपून गेलं. पण ती बघितलेली गोष्ट नव्हती, तो मी काढलेला निष्कर्ष होता. बघितलेली गोष्ट होती ‘उडत नाही’ आणि ‘लेस बांधायला वाकतो’. मी त्याला सगळ्यांसमोर चार फेऱ्या जास्त दिल्या. त्याने त्या पूर्ण केल्या. दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन आली आणि तिने त्याची हाफपँट गुडघ्याच्या वर सरकवली. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या सुरुवातीला, लालसर टेंगूळ आलं होतं. बोट लावलं तर तो मागे सरकला.

उसळीच्या वयात हे होतं. हाड भराभर लांबतं, मांडीचा स्नायू वाटीमार्गे जिथे नडगीला येऊन चिकटतो ती जागा अजून कच्ची असते, आणि उड्या मारणाऱ्या खेळात प्रत्येक उडीला ती ओढली जाते. डॉक्टर त्याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की आपोआप शमतं. पण तोवर उड्या आणि पळणं दुखण्याच्या हिशेबाने कमी करावं लागतं. मी नेमकं उलट केलं होतं. माझ्याच टेपने दुसऱ्या दिवशी त्याची उंची घेतली होती, आईने सांगितलं होतं की वर्षात तीन वेळा पँट घ्यावी लागली, आणि हे दोन आकडे मी शेजारी ठेवून वाचले नाहीत. मी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण फेऱ्याही सगळ्यांसमोर दिल्या होत्या. उरलेले दिवस त्याने बसून फ्री थ्रोचं कोपर सुधारलं आणि बाकावरून सामन्यांचे स्कोअर लिहिले. तेव्हापासून वहीत रोज सकाळी एक प्रश्न असतो आणि तो मी प्रत्येकाला विचारते: ‘कुठे दुखतंय? बोट ठेवून दाखव.’ ‘दुखतंय का’ विचारलं तर सगळे नाही म्हणतात.

मदतनिसाचं आणि माझं एक ठरलेलं आहे. दोघांनी वेगवेगळं लिहायचं, लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टीला चांगले गुण मिळालेल्याला बुद्धीला, नेतृत्वाला, चारित्र्यालाही चांगलेच मिळाले होते. जणू एकच मत चार ठिकाणी लिहिलं होतं. आमचंही तसंच होतं. पहिल्या मिनिटाला लांबून बास्केट गेली की तो पोरगा दिवसभर हुशार दिसतो. म्हणून मी एका दिवशी सगळ्यांची एकच गोष्ट बघते. आज फक्त पाय, उद्या फक्त पास. एका मुलाच्या सगळ्या गोष्टी एका बैठकीत भरत नाही. आणि आमच्या दोन कागदांत जिथे फरक पडतो, तिथे भांडत बसण्यापेक्षा त्या मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतो.

एवढं करूनही चुकतोच. निकोला योकिच हा सर्बियाचा मुलगा २०१४ साली एनबीएच्या निवडीत ४१ वा पुकारला गेला. जाडसर, हळू, फार न उडणारा. मोजायची साधनं, माणसं, पैसा, सगळं ज्यांच्याकडे होतं त्यांनी चाळीस जणांना त्याच्या आधी घेतलं. २०२१, २०२२ आणि २०२४ साली त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पास कधी आणि कुठे द्यायचा हे त्याला कळतं, आणि ते मोजायला टेप नाही.

शेवटच्या तीन दिवसांत मी प्रत्येक मुलाला स्वतंत्र बोलावते. आईवडिलांनाही, पण त्यांनी मागे बसायचं. ‘मॅडम, याचं काही होईल का? नाहीतर दहावीला ट्यूशन लावतो,’ हा प्रश्न हमखास येतो. काहींना राज्य पातळीपर्यंतचे वाढीव गुण हवे असतात. त्यात मला गैर वाटत नाही, पंधरा वर्षांच्या पोराच्या घरात दहावी ही दहावीच असते. पण ‘काही होईल का’ याचं उत्तर मी देत नाही, कारण ते मला येत नाही. तेरा वर्षांच्या मुलाबद्दल ते कुणालाच येत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहा, एवढं मात्र स्पष्ट सांगते. मुलाला मी एक चिठ्ठी देते, तिच्यावर तीन ओळी असतात. तू काय करतोस ते, ज्यावर संघ विसंबू शकतो. काय करत नाहीस, किंवा उशिरा करतोस. आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत रोज वीस मिनिटं काय करायचं, भिंत आणि बॉल एवढ्यावर भागेल असं. चिठ्ठीखाली तारीख घालते, ठळक. ही आजची गोष्ट आहे.

बावीस नंबरच्या चिठ्ठीवर दुसरी ओळ होती: मोकळी असताना शॉट घेत नाही; चार दिवसांत अकरा वेळा मोकळी होती, दोनदा टाकला. तिने वाचलं आणि विचारलं, ‘अकरा तुम्ही मोजले?’ मी वही उघडून खुणा दाखवल्या. तिने बोटाने एकेक मोजल्या. मग म्हणाली, ‘ही इथली, तिसऱ्या दिवशीची, तेव्हा मी मोकळी नव्हते. मागून एकोणीस नंबर येत होती, तुम्हाला दिसली नसेल.’

मला आठवत होतं तेवढं मी आठवून बघितलं. एकोणीस नंबरचं त्या दिवसाचं पान उघडलं. तिथे माझ्याच अक्षरात होतं: ‘लांबून धावत येऊन शॉट अडवायला जाते, बहुतेक वेळा वेळेत पोचते.’ मी खूण खोडली आणि चिठ्ठीवर अकराचे दहा केले. तिने चिठ्ठीची घडी घातली, मोज्यात सरकवली आणि बॉल घ्यायला गेली. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, अजून सिमेंट तापलं नव्हतं.